उस्मानभाईचा खिळा

उस्मानभाई कल्हईवाला कुणाकडं जेवायला गेला की पाटावर बसायच्या आधी चुलीपाशी जायचा आणि आमटीच्या भांड्यात वाकून बघायचा. आत पांढरं दिसलं तर जेवायचा. तांबूस दिसलं तर पोटात कळ आली म्हणून चपला घालायचा. बायकांना राग यायचा. ताट वाढून बाई उभी, आणि हा गडी भांड्यात तोंड घालून बसलेला. माघारी त्याला सगळे डोकावणारा उस्मान म्हणायचे. मीही म्हणायचो.

मी शंकर आचारी. काष्टीच्या अलीकडं आमचं गाव. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांनी दया केली म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात आणि दहाव्याला काहिली ढवळल्या. लिहिणं माझा धंदा नाही. पण माझी बायको सरू चार महिन्यांपूर्वी गेली, आणि जाताना एक काम अंगावर टाकून गेली. ते काम उस्मानभाईचं आहे. पन्नास वर्षं मी ते टाळलं. आता ज्याच्यापाशी टाळावं असंही घरात कुणी उरलं नाही.

उस्मानभाई श्रीगोंद्याचा. अंगानं काटकुळा, पायात टायरच्या चपला, सायकलच्या कॅरेजला भाता बांधलेला. नवसागराच्या धुरानं त्याच्या भुवया झडल्या होत्या, त्यामुळं तोंडावर सदा घाबरल्यासारखा भाव. आणि खरंच घाबरलेला असायचा. भांडी तांब्या-पितळेची, आणि आमचं खाणं आंबट. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक नाहीतर चिंचेचं काही राहिलं की ते हिरवट पडतं, जीभ धरतं, पोटात गेलं की ओकाऱ्या. त्याला आमच्याकडं कळकणं म्हणतात. लोकांना तो शब्द रोजचा होता. कळकलं, टाकून दिलं, विषय संपला. उस्मानभाईचा विषय तिथं सुरू व्हायचा. जगात कुठंतरी आत्ता कुणाची तरी आमटी कळकतेय, ह्या धास्तीत तो जगायचा.

दोन-चार महिन्यांनी गावात आला की चावडीपुढच्या लिंबाखाली खड्डा करून भट्टी लावायचा. मोठं तपेलं असलं तर उघड्या पायांनी त्यात उतरायचा, पायाखाली वाळू आणि चिंधी, आधाराला हातात झाडाची फांदी, आणि कंबर डावी-उजवी करत आतून घासायचा. बायका विचारायच्या, उस्मानभाई, लेझीम खेळताय का? तो म्हणायचा, दळन दळतोय वैनी, तुमीबी या. मग भांडं भट्टीवर. तांबं तापलं की आधी काळं पडायचं. त्यावर चिमूटभर नवसागर टाकला की नाकात झोंबणारा पांढरा धूर उठायचा, जाळाच्या कडेला हिरवी झाक यायची, आणि काळं पळून जायचं. नेमकं तेव्हाच तो कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाच्या बोळ्यानं भराभर पुसत न्यायचा. दूध सांडल्यागत पांढरं आत पसरत जायचं. एवढा वेळ तो श्वास घ्यायचा नाही. भांडं पाण्यात बुडवून चर्र झालं की मगच सोडायचा.

भांडं हातात देताना तीन बोटं वर करायचा. एक, आंबट शिजवा पन ठिवून जाऊ नका. दोन, रिकामं भांडं चुलीवर चढवू नका, कल्हई वितळती. तीन, आत तांबडं दिसलं की मला निरोप धाडा, तवर त्यात रांधू नका. बाईनं मान हलवली तरी पुन्हा म्हणायचा. सरू तर त्याला पाहिलं की लांबूनच तीन बोटं दाखवायची. तो हसायचा, आणि हसून झालं की पुन्हा सांगायचा.

एकदा आमच्या शेजारणीचं पातेलं करून तो श्रीगोंद्याला गेला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात उभा. सायकल पंक्चर, चालत आलेला. काय तर म्हणे, काठाखाली बोटभर जागा ऱ्हायली असं वाटतंय. शेजारीण म्हणाली, त्यात दूध तापतंय. म्हणाला, तापू द्या, मी थांबतो. दूध उतरेपर्यंत बाहेर उकिडवा बसून राहिला. पातेलं बघितलं, काठाखाली सगळं पांढरंशुभ्र होतं. तरी एकदा बोट फिरवून बघितलं आणि आला तसा चालत गेला.

खिशात त्याच्या कायम एक लोखंडी खिळा असायचा, विटकरीवर घासून लखलखीत केलेला. तो कशाला, ते मला काष्टीच्या बाजारात कळलं. बहात्तरचा दुष्काळ पडला होता, बाजारात माणसांपेक्षा जनावरं जास्त, आणि जनावरांपेक्षा हाडं. तिथं एक बैरागी बसला होता. पुढ्यात काचेच्या पेल्यात निळं पाणी. त्यात चाकू बुडवायचा आणि काढला की पातं तांब्याचं. लोखंडाचं तांबं करतो, पुढच्या बाजारी तांब्याचं सोनं करीन, असं सांगायचा आणि तेच पाणी दुखण्याला तीर्थ म्हणून पळीपळीनं द्यायचा. उस्मानभाई गर्दीतून पुढं गेला आणि आपला खिळा पेल्यात बुडवला. खिळाही लाल झाला. म्हणाला, महाराज, माजा खिळाबी सिद्ध झाला, आता ह्यो पन तीर्थ वाटंल. लोक हसले. मोरचुदाचं पाणी होतं ते. लिंबाच्या बागेवर फवारतात तोच मोरचूद. त्यातलं तांबं लोखंडावर चढतं, एवढाच चमत्कार.

पण तो स्वतः हसला नाही. पेला मातीत पालथा केला आणि तीर्थ कुणी कुणी घेतलं ते विचारत फिरला. पारनेरकडचा एक म्हातारा सापडला. त्याला बाजाराच्या कडेला बसवून कुणाच्या तरी शेळीचं दूध पाजलं आणि त्याला ओकारी होऊन बरं वाटेपर्यंत तिथंच बसला. बैरागी शिव्या देत निघून गेला. मी म्हणालो, उस्मानभाई, तुला काय पडलंय? तो म्हणाला, मला दिसलं ना. न दिसतं तर गेलो असतो घरला.

त्याच वर्षी आमच्या गावकीचं मोठं तांब्याचं तपेलं त्यानं कल्हई करून दिलं. भट्टी पेटेपर्यंत त्यानं सरूला एक गंमत दाखवली. मोरचुदाचा निळा खडा तापल्या पत्र्यावर ठेवला. बघता बघता निळा रंग उडाला, राखेसारखा पांढरा भुगा राहिला. म्हणाला, ह्याच्यातलं पानी उडालं बघा, दगडात लपून बसल्यालं. मग बोट ओलं करून एक थेंब सोडला, आणि भुगा पुन्हा निळा झाला. सरू म्हणाली, मग आमच्या विहिरीवरबी सोडा एक थेंब. सगळे हसत असताना ह्याला एकदम धास्ती पडली की भुगा मीठ समजून कुणी उचलेल, नाहीतर कोंबड्या टिपतील. गुडघ्यावर बसून कण न् कण गोळा केला आणि खड्डा करून पुरला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

पाझर तलावाचं दुष्काळी काम गावाच्या शिवारात निघालं होतं. आसपासची माणसं खडी फोडायला, माती वाहायला यायची. उस्मानभाईही यायचा, कारण कल्हईला कुणी बोलवत नव्हतं. कामावर एक वेळची आमटी द्यायची असं गावानं ठरवलं आणि तपेलं माझ्या हवाली झालं. डाळ नावाला, हुलगे मूठभर. चिंचेला मात्र दुष्काळ नव्हता, म्हणून पोट भरल्याची चव यावी एवढी चिंच कोळायची. भाकरी ज्याची त्यानं आणायची.

पाणी सगळं एका विहिरीचं. बाकीच्या आटल्या होत्या, टँकर तीन दिवसाआड यायचा, तोही आला तर. मुकादमानं सांगितलं, भांडी धुवायला एक तांब्या, जास्त नाही. एवढं तपेलं एका तांब्यात राखेनं निघत नव्हतं, खाली चिकट राहायचं. मी घोड नदीच्या पात्रातून पाटीभर वाळू आणली आणि सरूला म्हणालो, कोरड्या वाळूनं घास, मग फडकं मार. ती म्हणाली, उस्मानभाईला इचारू का, कल्हईला चालंल का? मी म्हणालो, त्याला काय इचारायचं, तो सोता वाळूनंच घासतो की, पायांनी.

हे मी म्हणालो. सरू नाही.

बारा दिवस ती वाळूनं घासत होती. दहाव्या-अकराव्या दिवशी मला बुडाशी तांबूस दिसलं होतं. चिंचेचा डाग असेल म्हणालो, स्वतःलाच. रोज शिजलं की लगेच वाटून संपायचं. त्या दिवशी मात्र मुकादमानं हजेरी लांबवली, आणि सकाळी शिजलेली आमटी उन्हं कलेपर्यंत तपेल्यात राहिली. वाढली तेव्हा एक बाई म्हणाली, तोंडात पैसा धरल्यागत लागतंय. भुकेपुढं चव कोण बघतो. जेवण झालं आणि तासाभरात पहिली बाई ओकली. मग दुसरी. मग बांधाबांधावर माणसं वाकलेली, पोट धरून. सरूही त्यात. तिचं तोंड पांढरं पडलेलं बघून मी तिच्याकडं धावलो.

कुणीतरी पटकी म्हणालं. हा शब्द एकदा सुटला की माणूस माणसाला ओळखत नाही. पटकी म्हणजे पाणी, पाणी म्हणजे विहीर. गावचे कारभारी अण्णा, मोठा माणूस, त्यांनी हुकूम सोडला की विहिरीवर काटे टाका, आत्ताच्या आत्ता. चार गडी बाभळी तोडायला गेले. तिथं उभ्या सगळ्यांना माहीत होतं, विहीर बंद तर काम बंद, आणि काम बंद तर ही दोन-अडीचशे माणसं कुठं जाणार? एक म्हातारी विहिरीच्या काठाला धरून बसली. म्हणाली, पटकीनं मरू द्या, तहानंनं नका मारू. डॉक्टर श्रीगोंद्याहून यायला संध्याकाळ होणार होती.

उस्मानभाई पार पलीकडच्या टोकाला माती टाकत होता, म्हणून वाढपाच्या वेळी नव्हता. असता तर डोकावला असता, आणि आम्ही वाचलो असतो. तो पळत आला. लोकांकडं नाही, तपेल्याकडं. तळाशी चार बोटं आमटी उरली होती. वास घेतला. मग खिशातला खिळा काढला, सायकलीच्या पिशवीतून आणखी दोन घेतले, तिन्ही दगडावर घासून लखलखीत केले आणि अण्णांना म्हणाला, थोडं थांबा, काटे टाकू नका.

एक खिळा उरलेल्या आमटीत सोडला. दुसरा विहिरीच्या पाण्यात. तिसऱ्यासाठी मडक्यात विहिरीचंच पाणी घेतलं, त्यात माझ्याकडची चिंच कोळली, मीठ-मिरची टाकली, आणि त्यात सोडला. अण्णांचा भाचा म्हणाला, हा बैराग्याचा खेळ हितं करतोय, मानसं मरायला लागलीत. उस्मानभाई खाली बसून राहिला, ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होता की क्षण मोजत होता, मला कळलं नाही. मला सरूशिवाय काही कळत नव्हतं. मध्येच एकदा म्हणाला, शेळ्या असतील त्यांचं दूध काढा, ज्याला लई हाय त्याला घोटघोट पाजा. लोकांनी काढलं.

मग त्यानं खिळे काढले. विहिरीतला तसाच, करडा. चिंचेच्या पाण्यातला काळवंडलेला, पण लाल नाही, म्हणजे दोष चिंचेचाही नव्हता. आमटीतला पुसून उन्हात धरला. टोकापासून मधोमध तांबूस झाला होता. तांब्याची साल चढल्यागत.

तो म्हणाला, "पटकी न्हाई, अण्णा. विहीर चांगली हाय. आमटी कळकली. तांबं उतरलंय तिच्यात."

बाभळी खाली पडल्या. म्हातारी रडायला लागली. माणसांच्या अंगात जीव आला, आणि जीव आला तसा राग आला. अण्णांनी विचारलं, "मग ह्या भांड्याची कल्हई कुनाची?"

उस्मानभाईनं तपेलं आडवं केलं आणि आत हात घातला. बुडावरून बोट फिरवलं. मी त्याचं बोट बघत होतो. आधी आडव्या ओरखड्यांची जाळी, मग गोल ओरखडे, सगळे हाताच्या फिरण्याचे. ज्यानं जन्मभर पायाखाली वाळू धरली त्याला वाळूची खूण ओळखायला किती वेळ लागणार? त्यानं मान वर केली. आधी माझ्याकडं बघितलं, मग बांधाला टेकून बसलेल्या सरूच्या हातांकडं. तिची नखं वाळूनं झिजली होती.

सरू माझ्याकडं बघत होती. मी माझ्या पायाकडं बघत होतो.

"कल्हई माजी हाय," तो म्हणाला.

त्यावर लोक जे बोलले ते लिहीत नाही. कथलात शिसं घालतो म्हणाले, दुष्काळात मानसं विकून खातो म्हणाले. अण्णांच्या भाच्यानं त्याचा भाता लाथेनं उडवला. संध्याकाळी डॉक्टर आला, त्यानंही तांब्याचंच विष सांगितलं. कुणी दगावलं नाही. सरू दोन दिवसांत उठली. विहीर चालू राहिली, काम चालू राहिलं. उस्मानभाई दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही.

चार दिवसांनी आला, फुटका भाता शिवून. लिंबाखाली भट्टी लावली आणि गावकीचं तपेलं न सांगता पुन्हा करून दिलं. बाकी एकही बाई भांडं घेऊन गेली नाही. दिवसभर भट्टी फुकट पेटलेली. उन्हं उतरताना सरू उठली, आमचं एकुलतं एक तांब्याचं पातेलं घेतलं आणि सगळ्यांसमोरून चालत गेली. मी दारातून बघत होतो. त्यानं कल्हई केली, पातेलं दिलं. तीन बोटं वर केली. मग थांबून चौथं केलं. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही.

त्या दिवसापासून सरू मला म्हणायला लागली, गावापुढं सांगा. मी म्हणायचो, सांगतो, पाऊस पडू दे. पाऊस पडला. म्हणालो, पेरण्या होऊ दे. तोवर श्रीगोंद्यापासून घोडपर्यंत बाजारात बोलणं पसरलं होतं की उस्मानच्या कल्हईत शिसं असतं. तो दौंडकडच्या गावांना जायला लागला, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. मी सांगितलं असतं तर मला आचारी म्हणून कुणी बोलावलं नसतं. एवढंच कारण. दुसरं काढायला गेलो तरी सापडत नाही.

पुढच्या वर्षी सुगीला सरूनं स्वतः निरोप धाडून त्याला जेवायला बोलावलं. आला. पाय धुतले. मी वाट बघत होतो की आता चुलीपाशी जाईल. सरूही पातेल्यावरचं झाकण काढून बाजूला सरकली होती, त्याला बघता यावं म्हणून. तो सरळ येऊन पाटावर बसला. भाकरी चुरली, आमटी ओतून घेतली आणि खायला लागला.

सरू म्हणाली, भाऊ, बघितलं न्हाई भांडं?

म्हणाला, तुमचं हाय ते.

तिनं झाकण परत ठेवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, ती वाळू आमची हुती."

"ठावं हाय मला."

"मग का न्हाई बोलला तवा?"

त्यानं आणखी भाकरी चुरली. "तुमाला रोज त्याच विहिरीवर पानी भरायचं हुतं. मला काय, मी सायकलीवरचा मानूस." मग ताटाकडं बघत म्हणाला, "आन् चूक माजीबी हाय, बाई. मी वाळूनं घासतो ते जुनी कल्हई उतरवायला. समद्या गावापुढं पायांनी घासतो. पन तुमी वाळू लावू नका, हे कदी सांगितलंच न्हाई. तीनच सांगितलं. पंचवीस वर्सं तीनच सांगत आलो."

मला वाटलं होतं ह्यानं मोठेपणा दाखवला आणि मी लहान झालो. तसं नव्हतं. तो खरंच तसं समजत होता. रात्रंदिवस कुठं काय राहिलं ते आठवणाऱ्या माणसाचं नेमकं तेवढंच राहून गेलं होतं, आणि ते माझ्यामुळं त्याला कळलं होतं. मी तोंड उघडलं. तो म्हणाला, शंकर, थोडी आमटी वाढ.

मी वाढली. एवढंच केलं.

सरू शेवटच्या दुखण्यात फार बोलत नव्हती. एकदा पाणी पाजताना तिनं चार बोटं वर केली. मी म्हणालो, काय पाहिजे? ती म्हणाली, सांगितलं का गावाला? अण्णा गेले, भाचा गेला, ती माणसं गेली. मी म्हणालो, आता कुणाला सांगू? तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

तर ज्यांनी आपल्या आज्या-पणज्यांकडून ती गोष्ट ऐकली असेल त्यांच्यासाठी लिहितो. उस्मानभाईची कल्हई चोख होती. कथलात शिसं नव्हतं. वाळू मी आणली, घासायला मी सांगितलं, बुडाशी तांबूस मी बघितलं आणि गप्प बसलो. माझ्या बायकोची चूक नाही. त्याची तर नाहीच.

त्याला मी शेवटचं बघितलं ते काष्टीच्या बाजारात, त्या जेवणानंतर वर्षभरानं. भाता नव्हता, नुसती सायकल हातात धरून उभा होता. बाजारात जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांचा ढीग लागला होता, हलकी आणि कल्हई न लागणारी, आणि बायकांची तिथं झुंबड. एक तरणी बाई नवं कोरं जर्मलचं पातेलं डोक्यावर घेऊन निघाली होती. उस्मानभाईनं तिला वाटेत अडवलं होतं. बोटं वर करून काहीतरी सांगत होता. एक, दोन, तीन. ती हसत होती, त्याला कोण समजावं ते तिला कळत नव्हतं. पातेल्याला ह्यातलं काहीच लागत नव्हतं, हे त्यालाही ठाऊक असणार. तरी तो तिला सोडत नव्हता. मी रस्त्याच्या ह्या कडेला उभा होतो. हाक मारावी म्हणून हात वर केला, तेवढ्यात त्यानं चौथं बोट वर केलं, आणि माझा हात तसाच राहिला.